मोटारसायकलचं कपाळ

लढाई संपली, लष्कर गेलं आणि कल्याणच्या पलीकडच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहू लागली. आम्ही अंबरनाथचे लोक त्या वस्तीला नुसतं 'कॅम्प' म्हणायचो. कॅम्पात तेव्हा काय मिळत नव्हतं? लष्करी घमेली, लष्करी बूट, लष्करी घोंगड्या. आणि एके दिवशी एका बराकीबाहेर, चिंचेच्या झाडाला टेकवून ठेवलेली लष्करी मोटारसायकल. विकणारा गृहस्थ खरं बोलणारा होता. "साईं, गाडी पक्की है," तो म्हणाला. "थोडा पीती है, थोडा टपकाती है." हे वर्णन एखाद्या माणसाचं असतं तर मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. मोटारसायकल मात्र ढकलत घरी आणली.

घर म्हणजे बुवापाड्यातल्या दोन खोल्या. राहणारे दोघे, मी आणि आई. मी कारखान्यात कारकून होतो. धाकटी बहीण लग्न होऊन बदलापूर गावात गेली होती, तशी हाकेच्या अंतरावर. पण तिच्या सासऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या घरात घड्याळसुद्धा ठोके देत नसावं, असा आमचा समज होता.

गाडी टपकायची ती कार्बोरेटरमधून. त्याच्या आत लिंबाएवढी एक पोकळ पितळी डबी पेट्रोलवर तरंगत असते. पेट्रोल पुरेसं आलं की ती वर उचलली जाते आणि पेट्रोलची वाट बंद होते. माझ्या डबीला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. ती पेट्रोल पिऊन बुडायची, वाट उघडीच राहायची आणि पेट्रोल खाली अंगणात. हे मी स्वतः शोधून काढलं आणि कारखान्यात, चाळीत, वाण्याच्या दुकानात सगळ्यांना सांगितलं. मग त्या भोकावर शिशाचा डाग दिला. कंजूसपणा माझ्या स्वभावात नसल्यामुळे चांगला बोरीच्या बोराएवढा दिला. आधी भोकामुळे बुडणारी डबी आता माझ्या डागाच्या वजनाने बुडू लागली.

हा उद्योग चालला होता ऐन गौरींच्या दिवसांत. बहिणीला मी माहेरी न्यायला येणार, तेही मोटारसायकलवरून, असं मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं. ती सकाळपासून ट्रंक घेऊन दारात बसलेली, आणि मी पेट्रोलचा वास मारत पोचलो तेव्हा तिन्हीसांजा झालेल्या. सासरे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "आता राहू दे," एवढंच म्हणाले, आणि बहिणीने ट्रंक उचलून आत नेली. मी निघालो तेव्हा त्यांनी ओटीवरून सांगितलं, "भाऊबीजेला ये. जेवणाच्या आत आलास तर घेऊन जा. नंतर आलास तर ओवाळून घे आणि एकटा जा."

डाग कानशीने घासून मी डबी हलकी केली, गळती थांबली. मग आला दसरा.

आईचा त्या गाडीवर विश्वास नव्हता, पण पूजा करायची तर नीट, हा तिचा नियम. तबक घेऊन ती गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "हिचं तोंड कुठलं रे?" मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण दाखवलं. इथूनच पिते, म्हणजे तोंड हेच. "मग कपाळही तिथेच असणार," असं म्हणून आईने हळदकुंकू कालवून झाकणावर अंगठ्याने दाबून लावलं, चांगलं जाड. आणि बजावलं, की हे पुसायचं नाही. मी पुढे गाडी धुतली ती झाकण सोडून धुतली.

त्यानंतर गाडीने नवं सोंग काढलं. मैल-दीड मैल चालायची आणि जीव सोडायची. मी उतरायचो, झाकण उघडून टाकीत डोकवायचो, पेट्रोल आहे ना. झाकण उघडताना 'फुर्र' असा आवाज यायचा, तो मला गाडीचा सुस्कारा वाटायचा. मग झाकण लावून रस्त्याच्या कडेला कार्बोरेटर सोडवायचा, फुंकायचा, परत बसवायचा. एका किकमध्ये गाडी चालू. माझ्या हाताला गुण आहे अशी माझी खात्री पटली. दोन-चार जणांची मी पटवूनही दिली.

भाऊबीजेच्या सकाळी आई म्हणाली, "आगगाडीनं जा की. एकच तर स्टेशन." पण गौरींना जिने मान खाली घालायला लावली तिनेच ती वर करायला हवी, असं माझं म्हणणं. आईने फराळाचा डबा कॅरियरला बांधला आणि पेट्रोलचं विचारलं. मी तिच्यासमोर टाकी काठोकाठ भरली.

गाडी नेहमीपेक्षाही लवकर थांबली. टाकी नुकतीच भरलेली, म्हणून आत डोकवायचं काही कारणच नव्हतं. थेट कार्बोरेटरला हात घातला. सोडवला, फुंकला, बसवला. किक मारली. काही नाही. परत सोडवला. कापलेल्या भाताच्या शेतांमधून ऊन चढत होतं. तिकडे बहीण उपाशी असणार हे मला ठाऊक होतं. भावाला ओवाळल्याशिवाय ती पाणीही घ्यायची नाही. गाडी तिथेच टाकून चालत निघावं असं दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा वाटलं की आता होईल.

जांभूळ गावाकडचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन आला. भाताचे भारे टाकून रिकामा परतत होता. खाली उतरून त्याने मोटारसायकलभोवती एक फेरी मारली.

"काय झाला दादा? बसली?"

बसली, मी म्हणालो.

"आमचा बैल बसला का शेपूट पिरगलतो आमी. हिला शेपूट हाय का?"

मी हसलो नाही. पण कुठे जायचंय, कोण वाट बघतंय, हे ऐकल्यावर तोही हसायचा थांबला. दोघांनी मिळून मोटारसायकल बैलगाडीत आडवी घातली. मी फराळाचा डबा मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसलो, आजाऱ्याला दवाखान्यात नेताना बसावं तसा.

बदलापूर गावात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. जेवणं होऊन लोक वामकुक्षीलाही लवंडले असतील अशी वेळ. सासरे ओटीवर उभे. बैलगाडी, तिच्यात मोटारसायकल, तिच्याशेजारी मी, हा सगळा देखावा त्यांनी शांतपणे पाहिला. त्यांच्यामागे दारात बहीण उभी होती. ट्रंक कुठे दिसत नव्हती.

मी खाली उतरून म्हणालो, "उशीर झाला. मी ओवाळून घेतो आणि जातो."

"जेवणाच्या आत ये म्हणालो होतो ना?" ते म्हणाले. "मग? आम्ही कुठं जेवलोय अजून?" आणि आत वळून म्हणाले, "पानं घ्या आता."

बहिणीने नंतर सांगितलं, सासूबाईंनी तीनदा पानं घ्यायची का म्हणून विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा त्यांनी आपल्याला भूक नाही असं सांगितलं होतं. ते जेवत नाहीत म्हणून कोणीच जेवलेलं नव्हतं. त्या दिवशी मी त्या घरात जेवढा भात खाल्ला तेवढा आजवर कुठे खाल्ला नाही. वाढत मात्र सासरेच होते.

मला तिने पानावर बसायच्या आधीच ओवाळलं होतं. जेवणं झाल्यावर ती परत तबक घेऊन अंगणात उतरवलेल्या गाडीपाशी आली. "दादा, हिलाही ओवाळते. परतताना बैल नकोत." कुंकवाचं बोट तिने झाकणाकडे नेलं आणि तिथेच थांबली.

"हे आईनं लावलंय," ती म्हणाली.

वाळून खडक झालेल्या त्या कुंकवात अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. बहिणीने त्यांच्यावर आपला अंगठा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. मी उगीच बैल गेले त्या दिशेला बघत राहिलो. मग ती म्हणाली, "इथे मधे काहीतरी खळगा आहे रे."

खळगा नव्हता तो. भोक होतं. तेलाच्या डब्याला आई नेहमी दोन भोकं पाडायची, एक तेल यायला आणि एक वारा आत जायला. इतकी वर्षं ते बघत होतो मी. माझ्या गाडीचं वारा घ्यायचं भोक आईने दसऱ्याला आशीर्वादाने लिंपून टाकलं होतं, आणि रस्त्यात गाडी चालू व्हायची ती माझ्या फुंकण्याने नव्हे, झाकण उघडल्याने.

मी कुंकू खरवडायला चाकू काढला. बहिणीने माझा हात धरला. पदराची पिन काढून तिने फक्त मधलं भोक मोकळं केलं, रेषांना धक्का न लावता. 'फुर्र' आवाज झाला. मी एखाद्या सरदाराच्या थाटात किक मारली, गाडी धडधडली आणि कार्बोरेटरमधून पेट्रोलची धार थेट दारातल्या रांगोळीवर. घाईत मी ती पितळी डबी उलटी बसवली होती. त्या घरात सासरे मोठ्याने हसलेले तेव्हा पहिल्यांदाच ऐकले, असं बहीण म्हणते.

डबी सुलटी केली. सासऱ्यांनी ट्रंक आगगाडीने मागून पाठवायचं कबूल केलं, सुनेला गाडीवर बसताना बघून तोंड फिरवलं, आणि सावकाश ने म्हणून दोनदा बजावलं.

दिवेलागणीला आम्ही बुवापाड्यात पोचलो. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. लेकीवरून तो ओवाळून टाकला, तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग गाडीने सुखरूप आणलं म्हणून कुंकवाचा करंडा घेऊन सरळ झाकणाकडे निघाली. मी काही बोलणार, तोच बहिणीने तिचं मनगट धरून गाडीच्या पुढच्या दिव्यापाशी नेलं.

"कपाळ हे आहे आई. ते तोंड."

आई माझ्याकडे वळली. "मग तेव्हा का नाही सांगितलंस? तोंडाला कुंकू लावत बसले मी." आणि दिव्याच्या काचेवर अंगठा दाबून तिने नवं कुंकू लावलं, पहिल्याहूनही जाड.