एफ-त्रेचाळीस पॉइंट दोनचं कार्ड

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई माझ्या डोळ्यांदेखत मिटत चालल्या होत्या, आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्याच समोर बसून मनाच्या आजारांची यादी पाठ करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणी किती तरी वेळा ऐकली असेल. ती माझ्याचसाठी करून ठेवलीय हे मला ख्राइस्टचर्चला येऊन, चाळिशी उलटल्यावर कळलं.

तेव्हा मी एका जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होते. बिलं करायची, अपघात विम्याचे फॉर्म भरायचे, फोन घ्यायचे. पुण्याहून मी आले होते मॅनेजमेंट शिकायला, आणि बारा वर्षांनी अजून लोकांना 'टेक अ सीट' म्हणत होते. मग एकदाचं ठरवलं की कोडिंगचा कोर्स करायचा. कॉम्प्युटरचं कोडिंग नव्हे, ते माझ्या नवऱ्याचे सगळे मित्र करतात. हे हॉस्पिटलचं. पेशंट घरी गेला की त्याची फाइल वाचायची, आणि त्याला काय झालं होतं, त्याच्यावर काय काय केलं, त्या प्रत्येक गोष्टीला तिचा ठरलेला नंबर द्यायचा. टाके, प्लास्टर, अपेंडिक्स हे मला भराभर जमलं. हाड मोडलं की मोडलं, त्यात वाद नसतो. मनाच्या धड्याशी येऊन मात्र माझी गाडी अडली. सगळे नंबर 'एफ'ने सुरू होणारे, आणि सगळे मला एकसारखे दिसणारे.

म्हणून मी कार्डं केली. एका बाजूला नंबर, दुसऱ्या बाजूला इंग्रजी नाव देवनागरीत, आणि खाली माझ्या साध्या मराठीत अर्थ. मराठीत लिहिलं ते सासूबाईंसाठी, कारण माझी परीक्षा घेणाऱ्या त्याच होत्या.

त्यांना हे काम मी उगाच दिलं नव्हतं. साताऱ्याच्या पोस्टात त्यांची सगळी नोकरी सॉर्टिंगला गेली. समोर लाकडी खण, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि नजर फक्त पिनकोडवर. चारशे अकरा म्हणजे पुणे, चारशे सोळा म्हणजे कोल्हापूर. अजूनही कुणी गावाचं नाव काढलं की त्या आधी नंबर सांगतात आणि मग तिथला आपला नातेवाईक. माझी कार्डं त्यांनी पहिल्याच दिवशी हातात घेऊन टेबलावर ठोकून सारखी केली आणि म्हणाल्या, "हे आपलंच काम आहे की."

सासरे गेल्यानंतर सहा महिन्यांनी आम्ही त्यांना इकडे आणलं होतं. इथे येऊन त्यांना वर्ष झालं होतं. सुरुवातीला त्या बऱ्या होत्या, किंवा आम्ही तसं धरून चाललो होतो. मग हिवाळा आला, लॉनवर सकाळी पांढरं दहिवर पडायला लागलं, आणि त्यांच्या खोलीचा पडदा दुपारपर्यंत उघडेनासा झाला. दोन पोळ्यांची एक झाली, एकीची अर्धी. शब्दकोड्यांची पुस्तकं माझ्या नवऱ्याने पुण्याहून मागवली होती, ती कोरी पडली. "थंडीच अशी आहे, आई, इथे सगळ्यांनाच होतं," असं तो म्हणायचा आणि हीट पंप दोन डिग्रीने वाढवायचा. इंजिनियर माणूस. त्याच्याकडे जे बटण होतं ते त्याने दाबलं, त्याला मी काय बोलू? माझ्याकडे तर अख्खा धडा होता.

जेवणं झाली की आम्ही बसायचो. त्या मराठी अर्थ वाचायच्या, मी नंबर सांगायचा. माझी आठ वर्षांची मुलगी शेजारी बसून मार्क द्यायची. एकदा मी त्यांना आमच्या कामाचा पहिला नियम सांगितला. फाइलमध्ये डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर ते आपण धरायचं नाही. पेशंट रडत होता असं नर्सने लिहिलं, म्हणून आपण त्याला नैराश्य आहे असं ठरवायचं नाही. अंदाज करायचा नाही.

"मग पत्ता अपुरा असला तर काय करता?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडे नुसतं 'मारुतीच्या देवळामागे' एवढंच लिहिलेलं पत्र यायचं. ते टाकून नव्हतो देत. त्या भागातल्या पोस्टमनला विचारायचं. खात्री झाली की कोपऱ्यात पेन्सिलीने 'पत्ता बरोबर' लिहायचं, म्हणजे पुढच्याला शंका नको."

"आम्हीपण विचारतो की. डॉक्टरांना क्वेरी पाठवतो."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं कार्ड उचललं.

त्या आठवड्यापासून रोज पहिलं कार्ड एकच यायला लागलं. एफ-त्रेचाळीस पॉइंट दोन, अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर. खाली माझ्या अक्षरात, 'आयुष्यात मोठा बदल झाल्यावर मन न रुळणं.' त्या ते सावकाश वाचायच्या आणि माझ्याकडे बघत राहायच्या. मी नंबर सांगायचे आणि 'पुढे' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझी मुलगी म्हणाली, "आजी, दॅट्स चीटिंग! यू ऑलवेज स्टार्ट विथ द सेम वन." आणि मी, परीक्षेच्या टेन्शनमध्ये बुडालेली शहाणी, काय म्हणाले असेन?

"आई, जरा नीट पिसा ना. पाठ झालंय मला ते."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यानंतर ते कार्ड आलं नाही, आणि ते आलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नाही.

परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हा मी कार्डं मोजली, तर एक कमी. सोफ्याखाली पाहिलं, मुलीचं दप्तर उलटंपालटं केलं, तिला रागावलेसुद्धा. तेवढ्यात सासूबाईंनी न्हाणीघरातून हाक मारून चष्म्याचं घर मागितलं. मी त्यांच्या खोलीत गेले, घर उचललं, तर ते नीट मिटत नव्हतं. आत चष्म्याच्या फडक्याखाली माझं हरवलेलं कार्ड होतं, एफ-त्रेचाळीस पॉइंट दोनचं. नंबराच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पत्ता बरोबर.'

मी त्यांच्या पलंगावर बसले. ओले हात पुसत त्या आल्या, माझ्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिलं, आणि कार्ड परत घ्यायला पुढे झाल्या नाहीत.

"आई, कधीपासून?"

"तुमच्याकडची क्वेरी यायला फार दिवस लागतात गं," त्या म्हणाल्या. हसल्याही थोड्या. मग माझ्या शेजारी बसल्या आणि मी त्यांचा हात हातात घेतला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मी त्यांच्या पाया पडले होते, त्यांच्या डोक्याला तेल लावून दिलं होतं, पण नुसता हात हातात घेऊन कधी बसले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जीपीची वेळ दोन दिवसांनी मिळाली. मी काम करायचे ते क्लिनिक मुद्दाम टाळलं. वेटिंग रूममध्ये बसलो असताना नर्स दारात आली, "किया ओरा" असा इथला नमस्कार केला आणि सासूबाईंना मोठ्याने नुसत्या नावाने हाक मारली. इथे सगळ्यांनाच तशी मारतात, मीही इतकी वर्षं मारत आलेय. पण सत्तरीच्या बाईला असं एकेरीत बोलावलेलं ऐकून मी चडफडले. सासूबाई मात्र ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, ते मला तेव्हा समजलं नाही.

डॉक्टर माझ्याहून लहान होती. फोनवर मराठी दुभाषी मिळू शकेल, घरच्या माणसापेक्षा ते चांगलं, असं तिने समजावून सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. "फोनवरच्या बाईला मी काय सांगू? हीच बोलेल." मग डॉक्टरने मला एक अट घातली. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, आणि 'त्या म्हणतात' असं न म्हणता त्यांच्या जागी 'मी' म्हणूनच बोलायचं. मला वाटलं, ठीक आहे, या शब्दांत तर मी रोज असते.

सासूबाई खिडकीकडे बघत बोलायला लागल्या आणि मी त्यांच्या मागून इंग्रजीत बोलायला लागले. मला सकाळी उठावंसं वाटत नाही, मी म्हणाले. मला घास गिळवत नाही. माझा मुलगा, माझी सून, सगळे माझं मनापासून करतात, मी म्हणाले, आणि म्हणूनच मला त्यांच्याजवळ बोलता येत नाही. सुनेबद्दलचं हे वाक्य सुनेलाच म्हणायचं होतं, 'मी' म्हणून.

मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे मी आई आहे, आजी आहे, ते बरोबरच आहे. पण हे गेल्यापासून मला माझ्या नावाने हाक मारणारं कुणी नाही. आज बाहेर त्या मुलीने मारली."

मी 'नो वन कॉल्स मी' इथपर्यंत आले आणि माझा आवाज गेला. मला पुढचं वाक्य येत होतं, चार शब्दांचं तर होतं. डॉक्टरने टिश्यूचा डबा आमच्या दोघींच्या मधोमध ठेवला. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, "सावकाश सांग. घाई नाही." आजार त्यांचा, आणि धीर त्या मला देत होत्या. मी वाक्य पुरं केलं. डॉक्टरने खुर्ची थोडी पुढे घेतली आणि त्यापुढचं सगळं त्यांचं नाव घेऊन, त्यांच्याकडे बघून विचारलं.

एक लहानशी गोळी सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी एका समुपदेशक बाईंकडे जाणं सुरू झालं, आणि तिथे मात्र त्यांनी मला बाहेर बसवलं. आत काय बोलतात ते मी आजवर विचारलेलं नाही. नवऱ्याला मी घरी येऊन सगळं सांगितलं. मग उठून त्याने हीट पंप बंद केला आणि आईच्या खोलीत जाऊन बसला. लगेच काही फरक पडला नाही. अर्धी पोळी अर्धीच राहिली, पडदा कधी उघडायचा, कधी नाही. ऑगस्ट, इथला कडाक्याच्या थंडीचा महिना, तसाच गेला. मग आमच्या शेजारीण आजींनी त्यांना आपल्याबरोबर ऑप शॉपमध्ये नेलं, लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. तिथे मागच्या खोलीत पुस्तकांचे, कपड्यांचे ढीग येऊन पडतात आणि ते वेगळे करायला माणसं लागतात. सासूबाईंना इंग्रजी शब्द कमी येतात, पण सॉर्टिंग कोण शिकवणार त्यांना? आता मंगळवारी आणि गुरुवारी त्या छातीवर स्वतःच्या नावाचा बिल्ला लावून जातात. तिथल्या सगळ्या म्हाताऱ्या त्यांना नावाने हाक मारतात, चुकीच्या उच्चाराने. दुरुस्त करत नाहीत त्या. घरी आल्यावर बिल्ला काढायला विसरतात, आणि आम्ही आठवण करत नाही.

मी परीक्षा पास झाले. आता एका हॉस्पिटलमध्ये कोडिंगच करते. फाइलीतलं घरी सांगायचं नसतं हा आमचा दुसरा नियम, आणि तो मी पाळते. पण मध्यंतरी एका दुपारी माझ्यासमोर एक फाइल आली. तिच्याबद्दल मी इथेही काही लिहिणार नाही. मी तिला सगळे नंबर बरोबर दिले, पुन्हा तपासले, कॉम्प्युटर बंद केला आणि घरी आले. ड्राइव्हवेत गाडी लावली आणि उतरवेचना. स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाईंनी पाहिलं असणार. माझ्या नवऱ्याचे मोठाले जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, फटक फटक वाजवत त्या बाहेर आल्या, गाडीचं दुसरं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसल्या. गुरुवार होता, बिल्ला स्वेटरवर तसाच होता. त्यांनी स्वेटरच्या खिशातून ते कार्ड काढलं, मी त्यांच्याकडेच राहू दिलेलं. कडा आता पार मऊ झाल्या होत्या. त्यांनी ते, पेन्सिलीने लिहिलेली बाजू वर करून, माझ्यासमोर डॅशबोर्डवर ठेवलं.

"काय वाचलंस ते सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "पत्ता बरोबर आहे का, तेवढं सांग."