कुत्रा कोणाचा?

चिमूरच्या पुढे, जंगलाच्या काठावरच्या एका गावात लाकडाचा डेपो होता. तिथे मी कारकून होतो. सागाच्या ओंडक्यांवर ठोकलेले नंबर तपासायचे, एवढंच काम. वय तेवीस. चांदा शहरात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात वाढलेला असल्यानं मला गावची माणसं अडाणी वाटायची आणि वाघाची भीती वाटायची. पहिली गोष्ट मी लपवत नसे.

त्यामुळे बदली होऊन निघालेल्या एका साहेबांनी आपला कुत्रा मला देऊ केला, तेव्हा मी लगेच हात पुढे केला. का देताय, हे विचारलं नाही. नव्या ठिकाणचा बंगला लहान आहे, असं तेच म्हणाले. तो बंगला पहिल्याहून मोठा होता आणि खरं कारण साहेबांच्या स्वयंपाक्याच्या पोटरीवर होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कुत्रा पिवळसर, काळ्या तोंडाचा, अंगानं भक्कम. त्याच्यात विलायती रक्त आहे असं साहेब सांगत. म्हणून मी त्याच्याशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, तेही दुसऱ्या खेपेला सुटलेलं. मी 'सिट' म्हटलं की तो उभा राही, 'कम' म्हटलं की दुसरीकडे जाई. कधीतरी योगायोगानं बसला की मी आजूबाजूला कुणी पाहतंय का ते बघून घेई. साहेबांनी साखळीही दिली होती. पण साखळीनं कुत्रा धरणारा माणूस कुत्र्याला भितो असं दिसतं, असं माझं मत होतं. साखळी खुंटीवर लटकत राहिली.

माझ्या खोलीला लागून एका धान पिकवणाऱ्या कुटुंबाचं घर होतं. घरचा माणूस हिवाळ्यात एटापल्लीकडे बांबू तोडायला जाई. मागे त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी राहत. ती बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असावी. कुत्र्यानं तिच्या कोंबड्या उधळल्या तेव्हा तिनं मला एकदा सांगितलं, बांधून ठेवा. पुढे एकदा तो गल्लीत मुलीसमोर गुरगुरत उभा राहिला, तिला जाऊच देईना, तेव्हा पुन्हा सांगितलं. त्या वेळी ती पाणी घेऊन येत होती. मी तिला थांबवून कुत्र्याच्या स्वभावावर भाषण दिलं. कुत्रा इमानी असतो, त्याला चांगलं माणूस कळतं, भिणाऱ्यावरच तो भुंकतो वगैरे. भरलेली घागर डोक्यावर घेऊन तिनं ते सगळं ऐकलं.

मग म्हणाली, "माणूस वळखते, ठीक हाय जी. लेकराले वळखते का?"

मी हसलो. अडाणी प्रश्नाला हसावं तसं.

धानाच्या मळणीचे दिवस होते. सकाळी मी ओसरीच्या खांबाला आरसा टांगून दाढी करत होतो. कुत्रा कोपऱ्यात ताटलीतला भात खात होता. माझ्या खोलीमागे बोरीचं झाड होतं, तिथली बोरं वेचून मुलगी ओसरीजवळून घराकडे निघाली. ती ताटलीपासून दोन हातांवर असेल. कुत्रा गुरगुरलाही नाही. सरळ झडप घातली.

त्यानं आधी तिचा हात धरला, मग गाल. मी हातात वस्तरा घेऊन "नो! नो! स्टॉप!" असं ओरडत राहिलो. एवढ्या धांदलीतही माझ्या तोंडून मराठी निघालं नाही. मुलीची आई खळ्यातून काठी घेऊन धावत आली, "हाड!" म्हणाली आणि कुत्र्याच्या कमरेत एक टोला हाणला. त्याबरोबर तो मुलीला सोडून बाजूला झाला. मला सहा महिन्यांत जे जमलं नव्हतं ते तिनं एका शब्दात केलं.

मुलीच्या डोळ्याखाली गाल फाटला होता, हातावर दातांची रांग उमटली होती. आणि मी काय म्हणालो, ते आज लिहितानाही हात अडतो. मी म्हणालो, "तिनं त्याच्या ताटलीला हात लावला असेल."

बाईनं मुलीला उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते चार वर्साची हाय, बाबूजी. तुमी कितीचे?"

माणसं जमली. कुणी जखमेत तिखट भरा म्हणालं, कुणी झाडफूक करणाऱ्या जाणत्याकडे न्या म्हणालं. शाळेत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलाला कुत्रा चावल्यावर जखम साबणानं धुऊन सुया दिल्या होत्या, ते मला आठवलं. दाढीचा साबण हाताशीच होता. त्यानं जखमा धुतल्या. त्या दिवशी मी केलेली शहाणपणाची गोष्ट तेवढीच. डेपोतून लाकडाचा ट्रक चांद्याला निघत होता. चौकीदाराला कुत्रा डेपोच्या अंगणात साखळीनं बांधायला सांगितलं आणि आम्ही ड्रायव्हरशेजारी बसलो. मुलगी आईच्या मांडीवर. चांद्याला उतरल्यावर लोक मुलीकडे पाहून मग माझ्याकडे पाहत, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी अर्धीच दाढी झाली आहे आणि उरलेल्या गालावर साबण वाळला आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "कुत्रा कोणाचा?"

सरकारी नोकरी, वरचे साहेब, पोलीस, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"गावातलाच आहे एक," मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट होतं. बाईनं माझ्याकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, मोकाट असेल तर इलाज नाही, चौदा सुया घ्याव्या लागतील, रोज एक, पोटात. कुत्रा कुणाचा ते माहीत असतं आणि तो बांधून दहा दिवस धडधाकट राहिला असता, तर सुया मधेच थांबवता आल्या असत्या.

हे ऐकूनही मी गप्प राहिलो.

दोघींना मी आमच्या घरी नेलं. आईलाही 'गावातला कुत्रा' हेच सांगितलं. आईला केवढा अभिमान वाटला. परक्याच्या लेकरासाठी माझा मुलगा नोकरी टाकून आला, असं तिनं आळीत घरोघरी जाऊन सांगितलं. शेजारणी मला बघायला आल्या. मी मान खाली घालून बसलो, त्यालाही त्या नम्रपणा म्हणाल्या. दोन दिवस मी ते कौतुक चहाबरोबर पीत राहिलो.

सुई देताना मुलीचे पाय मी धरत असे. पहिल्या दिवशी ती किंचाळली, दुसऱ्या दिवशी दारातूनच रडत आत आली. तिसऱ्या दिवशी रडलीच नाही. खाटेवर बसवल्याबरोबर तिनं स्वतःच झगा वर धरला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

सुई देऊन झाल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर, कुत्रा माझा आहे."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, कुत्रा बांधलेला आहे का? मी हो म्हणालो. जिवंत आहे का? ते मला ठाऊक नव्हतं. गावकऱ्यांनी एव्हाना त्याला मारलं असेल, आणि मेलेल्या कुत्र्यावर काय लक्ष ठेवणार? डॉक्टर म्हणाले, मग इथे काय उभे आहात? जा आणि त्याच्यासमोर बसा. खातो का, पाणी पितो का, आवाज बदलतो का, मला कळवत राहा.

बाहेर आल्यावर मी बाईला विचारलं, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?

"तुमीच सांगसान असं वाटलं," ती म्हणाली.

घरी आईला खरं सांगितलं. तिनं मला ताबडतोब निघायला सांगितलं. आणि ज्या ज्या घरी माझं कौतुक केलं होतं त्या त्या घरी जाऊन ती खरं काय ते सांगून आली. तसं करायची काही गरज नव्हती असं मला वाटलं, यावरून माझी सुधारणा कितपत झाली होती ते कळावं.

गावात लोकांनी कुत्र्याला मारायचं ठरवलंच होतं, चौकीदारानं कसंबसं थोपवून धरलं होतं. उरलेले सात दिवस मी डेपोच्या अंगणात घोंगडी पांघरून त्या कुत्र्यासमोर बसलो. तो पाणी प्यायला की माझा जीव भांड्यात पडे. तो शिंकला तरी मी उठून उभा राही. चांद्याला जाणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर डॉक्टरांना चिठ्ठी जाई: खाल्लं, प्यायला, भुंकला. डेपोतली माणसं कामं सोडून मला बघायला येत. दहाव्या दिवशीही कुत्रा ठणठणीत होता. सुया थांबल्या. चार वाचल्या, पण त्या वाचवल्या असं म्हणायचं माझं तोंड नव्हतं.

मुलीचा बाप बातमी कळल्यावर चालत, मिळेल त्या गाडीनं आला. मी त्याच्यासाठी माफीचं भाषण तयार करून ठेवलं होतं. तो आला, माझ्याकडे न बघता कुत्र्याकडे गेला, साखळी हातात घेऊन वितीनं मोजली. मग खुंटा धरून हलवला. खुंटा हलला.

"हा आणखी खोल गाडा," तो म्हणाला आणि घरी गेला. माझं भाषण तसंच राहिलं.

खुंटा मी हातभर खोल गाडला, कुत्रा परत घरी आणण्याआधी ओसरीभोवती बांबूचं कुंपण घातलं. 'हाड' आणि 'बस' हे दोन शब्द बाईकडून शिकून घेतले आणि कुत्र्याला शिकवले. त्याला ते चार दिवसांत आले. मुलीच्या गालावर वण राहिला. पुढची दोन वर्षं ती माझ्या घरावरून कधी गेली नाही, विहिरीमागच्या लांबच्या वाटेनं फिरून जात असे.

मग माझी एटापल्लीला बदली झाली. चिमूरचा एक व्यापारी कुत्रा न्यायला आला, त्याला गोदामासाठी हवाच होता. तो त्याच्या पाठीवरून हात फिरवत असताना क्षणभर माझ्याही जिभेवर आलं की नव्या ठिकाणी घर लहान आहे. पण मी त्याला मुलीच्या गालाचं सांगितलं. त्यानं हात मागे घेतला आणि चहा न घेताच गेला.

निघायच्या सकाळी बाई नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आली. सामान गाडीवर चढत होतं.

"कुत्रा नेता ना?" तिनं विचारलं.

"नेतो."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.