मथुरेच्या हातचा वेल

श्रावणातल्या त्या सकाळी मी परसात भोपळ्याच्या मांडवाखाली वाकून उभा होतो, आणि जे दिसलं त्याने मी साठीचा माणूस पोरासारखा घराकडे पळत सुटलो. बायको आजारी होती. महिनाभर खाटेवरून उठली नव्हती, पण उजाडलं की तिचा एकच हुकूम, "जा, मादी आली का बघून या." मादी म्हणजे भोपळ्याचं मादीफूल. त्याच्या बुडाशी लिंबाएवढा इवलासा भोपळा आधीपासूनच चिकटलेला असतो. रोज मी बघून यायचो आणि सांगायचो, आज पण सगळे नरच. त्या दिवशी पानाआड ती दिसली. कळीचं टोक पिवळं झालं होतं, म्हणजे उद्या उमलणार. दारातूनच मी ओरडलो, "मथुरा, आली गं, उद्या फुलतेय." शेजारीण तिच्या उशाशी बसली होती. ती उठली आणि माझ्याकडे न बघता तिने पदर तोंडाला लावला... मी बातमी घेऊन घरात शिरलो होतो, आणि घरात माझ्यासाठी दुसरीच बातमी थांबली होती.

पेपरच्या पुरवणीत मोठ्या माणसांवर लिहून येतं. माझी बायको काही मोठी नव्हती, आणि मी तर पनवेलचा गाडीची चाकं बनवणारा सुतार, तिसरीत शाळा सुटलेला. पण तिने जे शोधलं ते माझ्या डोळ्यांसमोर शोधलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ज्याला रडगाणं वाचायचं असेल त्याने दुसरं पान उघडावं.

मथुरा आपटा गावची. पाताळगंगेच्या काठाला तिच्या बापाचा वांगी-मिरचीचा एक तुकडा होता, तिथे ती वाढली. आमच्या घरी आली तेव्हा परसात दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, एक विहीर, एक शेवगा आणि भांडी घासायचा दगड, बस. तेवढ्यात तिचं भागायचं. पाणी शेंदता शेंदता दोर हातात धरून ती उभीच राहायची, कारण काय तर शेवग्याच्या पानांनी संध्याकाळी अंग मिटलं. आई म्हणायची, "सून कामाला आनली, ही बघत उभी ऱ्हाते." आईला मी आय म्हणायचो. आय म्हणजे पाच फूटसुद्धा नाही, पण सगळी आळी तिला टरकून असायची.

आमच्याकडे पावसाळ्यात भोपळ्याचा वेल मांडवावर चढवायचे. वेलाला आधी नुसतीच फुलं येतात, लांब बारीक देठाची, खाली फळ नाही काही नाही. त्यांना आमच्यात वांझ फुलं म्हणायचे. आयचा नेम असा की उजाडताच टोपली घेऊन जायचं आणि वांझ फूल दिसलं की खुडायचं. वांझ फूल वेलाचा जोर खातं, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं. खुडलेल्या फुलांची भजी व्हायची, बेसनात बुडवून, कडक. ती मला फार आवडायची. इतर घरांतही खुडत, पण आमची आय कामाला चोख, एक फूल म्हणून मागे ठेवायची नाही. आणि एका वर्षी एकसुद्धा भोपळा धरेना. मादीफूल यायचं, उमलायचं, आणि मग त्याखालचा लिंबाएवढा भोपळा पिवळा पडून गळायचा. आधी दरसाल वेल कुंपणाबाहेर पसरायचा, चार फुलं आयच्या नजरेतून सुटायची. त्या वर्षी कुंपण नवं घातलं आणि वेल सगळा आयच्या हाताखाली आला. पण ही अक्कल आम्हाला नंतर आली.

लढाईचे दिवस होते. बाजारात सगळं महाग, घरचा भोपळा म्हणजे अर्धा पावसाळा निघायचा. पण आयचं दुःख भोपळ्याचं नव्हतं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. गळलेला एकेक भोपळा आय ओट्यावर आणून ठेवायची आणि मथुरेकडे बघायची. "हात कुनाचा लागतो वेलाला, ते दिसतंय," म्हणायची. बेलपाड्याची एक मुलगी तिने माझ्यासाठी बघून ठेवली होती. तेव्हा दुसरी बायको करायला कुणाची आडकाठी नव्हती. मी म्हणालो, "आय, भोपळ्यावरून बायको बदलायची काय?" ती म्हणाली, "भोपळा नाय रे. हात." बेंदूर झाल्यावर तिने सांगूनच टाकलं, या वेलाने एकसुद्धा भोपळा धरला नाही तर मथुरेला आपट्याला पोचवायचं.

आणि मग एक भोपळा धरला. तो खाली मांडवावर नव्हता. वेलाची एक फांदी घराच्या कौलांवर चढली होती, तिच्यावर धरला. नारळाएवढा झाला तेव्हा कुठे आम्हाला दिसला. आय खूश. "बघ, कौलावर हिचा हात पोचत नाय, म्हनून तितं धरला." मथुरा खाली बसून तवा घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आय, कौलावर तुमचा तरी हात कुटं पोचतो?"

मला हसू आलं. आय माझ्यावर खेकसली, "तू कशाला दात काडतोस रे, बैला." पण मथुरा हसली नव्हती. बोलून गेली आणि तिचा तव्यावरचा हात थांबला. मला तो थांबलेला हात अजून दिसतो. माणसाला काही सापडतं तेव्हा ते कसं दिसतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून कौलांकडे बघत बसायला लागली. आणि एका सकाळी माझ्या कामाच्या छपरीत धावत आली, माझ्या हातातला लाकूड तासायचा वाकस काढून खाली ठेवला आणि मला ओढत परसात नेलं. "बगा. बोलू नका, निस्तं बगा." कौलावर एक वांझ फूल उमललं होतं. त्यात एक काळा भुंगा शिरला, आत लोळला, आणि बाहेर आला तो अंगभर पिवळा, हळद लागलेल्या नवरदेवासारखा. तिथून उडाला आणि शेजारच्या मादीफुलात घुसला. मथुरा माझा दंड इतका दाबून धरून होती की वळ उठला. "हळद तितं उतरवतोय," ती म्हणाली, "कळलं का तुमाला? ती फुलं वांझ नायत. ते बाप हायत."

मी चाकाचा माणूस. चाकाला आरे कशाला, वर लोखंडी धाव कशाला, हे मला सांगावं लागत नाही. पण दारातल्या वेलाचं यंत्र मी इतकी वर्षं बघूनही पाहिलं नव्हतं. वरती आयचा हात पोचत नव्हता म्हणून बाप शिल्लक राहिले, म्हणून भोपळा धरला. खाली हळद कुठून मिळणार? ती तर रोज भजी होऊन माझ्या पोटात जात होती.

आयला सांगितलं तर ती म्हणाली, "फुलाला कसला आलाय बाप. माज्या म्हातारपनी मला शिकवू नको." तेव्हा मथुरेनं ठरवलं की करूनच दाखवायचं, आणि करायचं ते आपल्याच हाताने. कौलावरच्या भोपळ्याने काही सुटत नव्हतं, कारण तो आयच्या बाजूनेही बोलत होता आणि हिच्या बाजूनेही. खाली मांडवावर एक मादी फुगत आली होती. मथुरेनं संध्याकाळी एका नराच्या कळीवर पळसाच्या पानाचा द्रोण उपडा बांधून ठेवला, आयच्या टोपलीतून सुटावी म्हणून. सगळं जमलं होतं. आणि नेमकी त्या सकाळी ती बाजूला बसली.

बाजूला बसलेल्या बाईने वेलाला हात लावणं म्हणजे त्या काळी काय, हे जुन्या बायकांना विचारा. पडवीतल्या कोपऱ्यातून हलायचं नाही, वेलावर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. पण भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत मान टाकतं, परत उघडत नाही. मी म्हणालो, "मी लावतो हळद, सांग कशी ते." ती म्हणाली, "तुमी लावली तर तुमचा हात चांगला ठरंल. माज्या हाताचं काय?" आणि ती उठली. आय विहिरीवर होती, तिच्या देखत चालत गेली, द्रोण काढला, नर खुडला, त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि आतला पिवळा दांडा मादीच्या पोटात अलगद फिरवला. झिमझिम पाऊस होता, हळद धुऊन जाऊ नये म्हणून तोच द्रोण मादीवर उपडा घातला. आयच्या हातातली कळशी खाली आली. "गेला," ती म्हणाली, "वेल गेला. आता आपट्याला निरोप धाडते." मथुरा म्हणाली, "धाडा. पन आदी ह्यो गळू द्या."

ते पुढचे दिवस मी काय सांगू. कामात लक्ष नाही, एका आऱ्याचं भोक मी तिरकं पाडलं. सकाळ झाली की मी एकीकडून बघायला जायचो आणि आय दुसरीकडून, आणि दोघं एकमेकांना दिसलो की विहिरीवर आल्यासारखं करायचो. मथुरा कोपऱ्यातून विचारायची, "पिवळा?" मी म्हणायचो, "हिरवा." गळणारे भोपळे ज्या दिवशी पिवळे पडायचे तो दिवस गेला. हा हिरवाच, वर अंगावर लव आणि तकाकी. मग पेरूएवढा झाला. मग त्याने मान खाली घातली आणि फुगायला लागला. एका सकाळी आय टोपली घेऊन आली, त्यात भजीची फुलं नेहमीपेक्षा कमी. चुलीपुढे टोपली ठेवत म्हणाली, "चार ठेवलीत वेलावर. तुजे ते बाप." बेलपाड्याचं नाव पुन्हा आमच्या घरात निघालं नाही.

त्यानंतर आमच्या परसाची शाळाच झाली. पडवळाची फुलं दिवसा मिटलेली का, तर ती संध्याकाळी उघडतात, पांढरी, झालरीची, आणि भुंगा येत नाही तर पाकोळ्या, म्हणजे रात्रीचे पतंग, येतात. हे तिने दिवेलागणीला मांडवाखाली पाट टाकून बसून पाहिलं, आणि चहासुद्धा तिथेच मागवला. ओल्या तरटावर वालाचे दाणे ठेवले, मोड आले की दाणा उलटा करायची, आणि मोड वळून पुन्हा खालीच जायचा. "डोळे नायत, तरी खाल कुटं ते याला कळतं," म्हणून ती दिवसभर खूश. मी म्हणायचो, "रात्री दारू पिऊन आलेल्या माणसालाही कळतं." त्यावर मला तरटाचा फटका. पपईचं एक झाड नुसती लोंबती फुलं द्यायचं, फळ नाही. मी करवत घेऊन गेलो तर आडवी आली, "बाप हाय तो, ऱ्हाऊ द्या."

आळीतल्या बायका तिला वेलांची लग्नं लावायला बोलवायच्या. "मथुरा भटीण आली, अक्षता काढा," असं चालायचं. शेजारी रिबकाबाय राहायच्या, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, त्यांचा नवरा कचेरीत कारकून. त्या म्हणायच्या, "अगं, आमच्या भोपळ्याला तुझा मंत्र चालेल का? तो शनिवारी काम करत नाही." मथुरा म्हणायची, "भुंग्याला इचारा, तो कुनाच्या घरचं बगतो का?" पुढे रिबकाबाय मुलांबरोबर इस्रायलला गेल्या. जाताना दोघी मांडवाखाली बसून खूप रडल्या, आणि लुगड्याच्या टोकाला बांधून मथुरेच्या भोपळ्याचं बी त्यांनी नेलं. तिथे उगवलं की नाही, कळायला मार्ग नाही. मला वाटतं उगवलं असणार.

मूल आम्हाला झालं नाही. कुणामुळे, ते मी कधी शोधलं नाही, आणि मथुरेनेही नाही. आळीतल्या तोंडांना मात्र मी सांगायचो, वांझ म्हणायचं तर घरात दोघं राहतात, दोघांकडे बघून म्हणा. एवढं मला भोपळ्याने शिकवलं. आय गेली तेव्हा शेवटचं पाणी तिने मथुरेच्याच हातून मागितलं.

आता शेवटचं सांगतो. मथुरेला पोचवून आलो त्या रात्री झोप लागली असं नाही. उजाडलं तसा मी उठून परसाकडे निघालो. माझी चुलत वहिनी सोबतीला थांबली होती, तिने ओळखलं. "भाऊजी, सुतकात वेलाला हात लावू नका. जळतो वेल." मी म्हणालो, "वहिनी, जळला तर तुम्हाला भोपळा मागायला येणार नाही." मांडवाखाली ती मादी पूर्ण उघडली होती, आत थेंबभर पाणी, शेजारी चार नर. मी एक खुडला, पाकळ्या सोलल्या. माझे हात लाकूड धरायचे, फूल धरायचे नव्हेत. दांडा मादीच्या पोटात फिरवला, मथुरा फिरवायची तसा, पळसाचं पान आणून वर उपडं घातलं. मग तिथेच बसलो. बोटांना पिवळी धूळ लागली होती. वहिनी म्हणाली, हात धुवा. मी दुपारपर्यंत धुतले नाहीत.

दहाव्याला घाटावर सगळे कावळ्याकडे बघत होते. मी घरी येऊन आधी मांडवाकडे गेलो... हिरवा होता.

नवरात्र तोंडावर आलंय. भोपळा आता दोन हातांच्या कवेत मावत नाही, त्याला टेकू म्हणून मी जुन्या चाकाचा तुटका पाट, घेराचा बाकदार तुकडा, खाली लावलाय. वहिनी परवा येऊन बघून गेली, त्याच्यावर हात फिरवून गेली. मी तो कापणार नाही. देठ वाळू देणार आणि बी धरणार. पहाटे अजून जाग येते, आणि जाग आल्याबरोबर कान खाटेकडे जातात, हुकूम यायचा म्हणून. हुकूम येत नाही. मी उठतो, मांडवाखाली जातो, बघतो, आणि घरात येऊन रिकाम्या खाटेला सांगतो, "आज तीन नर, एक मादी."