काचेच्या पेटीतली हवा

लग्न होऊन मी म्हैसूर शहरातल्या चामराजपुरमच्या घरात आले तेव्हा माझं एम.एस्सी. झालं होतं आणि प्राणिशास्त्रातल्या संशोधनासाठी विद्यापीठात नावही घातलेलं होतं. राज्याचं नाव म्हैसूर बदलून कर्नाटक झालं, त्यानंतरची ती वर्षं. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची. कुणी पूर्वज राजाच्या घोडदळात होते एवढं घरात सांगितलं जाई. घोडे केव्हाच गेले होते, उरल्या होत्या कचेऱ्या आणि शाळा. घरात आम्ही तिघंच. माझे यजमान एका सरकारी कचेरीत कारकून होते, त्यांची आई आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि संपेपर्यंत कन्नड झालेलं असायचं. माझंही बोलणं तसंच होतं. हे आत्ता लिहिते आहे तसलं मराठी मी पुढे पुस्तकांतून शिकले.

माझ्या कामाला आत्याबाईंनी कधी हरकत घेतली नाही. सकाळी माझा डबा त्याच भरत. शेजारणींनी विचारलं तर सांगत, "ती उंदरांना औषध देते." उंदीर मरायचं औषध, असा शेजारणींचा समज व्हायचा आणि आत्याबाई तो खोडून काढत नसत, कारण त्यांनाही नक्की काही ठाऊक नव्हतं.

काम असं होतं. कारखान्यांच्या आणि वाहनांच्या धुरात एक वायू असतो, गंधकाच्या ज्वलनातून होणारा. घशाला झोंबतो, डोळ्यांत पाणी आणतो. ही हवा गाभण मादीनं घेतली तर तिच्या पोटातल्या पिलांचं काय होतं, हे आम्हाला पाहायचं होतं. एका लहान खोलीत काचेची मोठी पेटी होती. तिच्यात पांढऱ्या उंदरांच्या माद्या ठेवायच्या आणि नळीतून मोजका वायू मिसळलेली हवा सोडायची. पेटीतली हवा मधूनमधून एका द्रावणातून काढून घ्यायची. त्यात रसायन घातलं की पाण्यासारखा तो द्रव हळूहळू गुलाबी व्हायचा, मग जांभळट. रंग जितका गडद तितका वायू जास्त. शेजारी तसलीच दुसरी पेटी असे, साध्या हवेची. दिवस भरत आले की पिलं जन्मायच्या आधीच मादीला भूल देऊन मारायचं आणि पोट उघडायचं. गर्भाशयाच्या दोन शिंगांत पिलं मण्यांसारखी ओवलेली दिसत. मधेच कुठे मणी नसे, नुसता काळसर डाग असे. तिथे गर्भ रुजला होता आणि विरून गेला होता. ते डाग मोजणं हेच माझं मुख्य काम.

माझ्या मार्गदर्शक मॅडम पन्नाशीच्या होत्या, अविवाहित, जयलक्ष्मीपुरमला एकट्या राहायच्या. कॉटनची साडी, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं मोजकं. आमच्याशी कन्नडमध्ये बोलत आणि चिडल्या की इंग्रजीत. मादी मारताना मान खाली घालून दोन क्षण उभ्या राहत आणि मग चिमटा हातात घेत. ते दोन क्षण कशासाठी, हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही.

त्या खोलीतला हवा बाहेर ओढणारा पंखा बंद पडलेला होता. मॅडमनी दुरुस्तीसाठी कितीदा लिहून दिलं होतं. माणूस यायचा, वर बघायचा, मोटार जळाली म्हणायचा आणि जायचा. आम्ही खिडक्या उघड्या ठेवून काम करायचो. पेटीची झाकणं घट्ट होती, तरी उघडताना नाकात झणका जायचाच. घरी आल्यावर आत्याबाई माझ्या पदराचा वास घेऊन म्हणायच्या, "काय गं, दिवाळीतले फटाके उडवून आलीस का?"

मला दिवस गेले तेव्हा मी ते यजमानांच्या आधी आत्याबाईंना सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी मॅडमना. मॅडम सूक्ष्मदर्शकात बघत होत्या. त्यांनी डोळा बाजूला घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती झाले?"

"दुसरा संपत आलाय."

"आजपासून वायूच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. पेट्या मी बघेन. तू काचपट्ट्या वाच."

"मॅडम, पण माझ्या माद्या..."

"माझ्या पण आहेत त्या," असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली मागून घेतली.

त्यानंतर मी त्या खोलीत गेले नाही. तिसऱ्या महिन्यात, एका दुपारी, घरी गव्हातले खडे निवडत बसले असताना पोटात कळ आली. आत्याबाई परसात होत्या. मी हाक मारली ती त्यांनी ऐकली आणि हातातली बादली तशीच टाकून आल्या. रिक्षा, दवाखाना, पांढरा पडदा. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "पहिल्या खेपेला होतं असं पुष्कळ जणींना. कारण सांगता येत नाही. तुझं काही चुकलेलं नाही."

मी मान हलवली. पण डोळे मिटले की मला तो काळसर डाग दिसत होता. इतर बायकांना निदान तो कसा दिसतो हे ठाऊक नसतं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मला काही दिवस खाटेवरून उठू दिलं नाही. भात आणि मिऱ्याचं सार आणून समोर ठेवत, मी खाईपर्यंत बसून राहत. एकदा ताट उचलता उचलता त्या थांबल्या.

"एक विचारू? खरं सांगशील, अल्ला?" 'नाही का'च्या जागी त्या नेहमी कन्नडमधलं 'अल्ला' म्हणायच्या.

"विचारा ना."

"तुम्ही उंदरांचं तिथे करता काय?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. पेटी सांगितली, हवा सांगितली, पोट उघडून मोजतो तेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी अगदी हळू म्हणाल्या, "गाभण असतानाच?"

"हो. तेच तर बघायचं असतं."

"आपण मटण खाणारी माणसं. तुझे सासरे स्वतः बकरा कापायचे. पण गाभण शेळीला आमच्या घरात कधी कुणी हात लावला नाही." त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "तुला बोल लावत नाही गं मी. पण त्या मुक्या जिवांनी शाप दिला असेल तर आपण काय करणार?"

मला राग यायला हवा होता. विज्ञान शिकलेली मी. पण राग आला नाही, कारण माझ्याही मनात तेच वेगळ्या शब्दांत चाललं होतं. त्या शाप म्हणत होत्या, मी वायू म्हणत होते. दोघीही त्याच पेटीकडे बोट दाखवत होतो.

आठवड्याभराने मॅडम घरी आल्या. त्या कुणाच्या घरी जात नाहीत असं सगळे सांगत. हातात मोसंब्यांची पिशवी होती; ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. आत्याबाईंनी कॉफी करून दिली आणि आम्हाला एकटं सोडून त्या आत गेल्या.

"खोली बंद केली आहे," मॅडम म्हणाल्या. "पंखा बसेपर्यंत उघडणार नाही. विभागप्रमुखांना तसं सांगितलंय. सगळं काम थांबलं तरी चालेल म्हटलं."

"मॅडम, त्यानंच झालं का हो?"

त्यांनी न पिताच कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "एकीवरून काही सांगता येत नाही. साध्या हवेतल्या मादीच्या पोटातही डाग सापडतात, तू पाहिलेत. तुझा डाग त्यातला की वायूचा, हे सांगायची सोय आपल्या शास्त्रात नाही." मग त्या म्हणाल्या, "पण पंखा बंद असताना मी तुम्हा मुलींना तिथे काम करू दिलं. ते मला ठाऊक आहे. त्याला पुरावा लागत नाही."

त्यांचा आवाज बदलला नव्हता. उठताना त्यांनी मोसंब्यांची पिशवी माझ्या उशाशी ठेवली.

यजमानांचं म्हणणं, सोडून दे. रागानं नाही, काकुळतीनं. "कुठल्या तरी शाळेत लाग. बेडा हे सगळं," ते म्हणाले. नको म्हणताना ते नेहमी बेडा म्हणायचे. आत्याबाई इतकंच म्हणाल्या, "आधी नरसीपूरला जाऊन येऊ. मग तिनं काय ते ठरवावं."

म्हणून एका सोमवारी आम्ही दोघी टी. नरसीपूरच्या बसमध्ये बसलो. कावेरी आणि कपिला तिथे मिळतात. गर्दीचा दिवस नव्हता. पायऱ्यांवर दोन-चार माणसं कपडे वाळवत होती आणि पाणी संथ, मातकट होतं. मला वाटलं होतं, भटजी असेल, काही विधी असेल, पैसे मोजून नारळ वगैरे होईल. तसलं काही नव्हतं. आत्याबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या, मलाही हाताला धरून उतरवलं. ओंजळीत पाणी घेऊन त्या बोलायला लागल्या, साऱ्या उंदीरजातीशी बोलावं तशा, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये.

"आमच्या पोरीनं तुमच्या बायकांना मारलं. पोटात पोरं असताना मारलं. तिनं चैनीसाठी नाही केलं. तिला शिकायचंय, लोकांच्या पोरांना धूर लागू नये म्हणून शिकायचंय. तरी पण मारलं ते मारलंच. तिला क्षमा करा. तिला नसेल करायची तर मला करा, मी तिच्या जागी उभी आहे."

त्यांनी ओंजळ सोडली. मी शेजारी उभी होते. विश्वास माझा नव्हता. दवाखान्यात मी रडले नव्हते. तिथे पाण्यात उभी राहून रडले, आणि आत्याबाईंनी थांब म्हटलं नाही. इतक्या दिवसांत मेलेल्या माद्यांची क्षमा मागावी असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. मॅडम मान खाली घालून दोन क्षण उभ्या राहायच्या, तेवढंच काय ते.

परतताना बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, काम अर्ध्यावर आहे. आत्ता सोडलं तर ज्यांना मारलं त्या सगळ्या फुकट मेल्या. त्यांच्यावरून कुणाला काहीच कळणार नाही."

त्या खिडकीबाहेर उसाकडे बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "मग संपव. पण उगाच जास्तीची एक पण मारू नकोस."

पंखा बसला. मॅडम रोज विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसत, काही न बोलता, असं मला मागाहून प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं. मी परत गेले. मॅडमशी बसून पुढच्या प्रयोगांची आखणी पुन्हा केली आणि जितक्या माद्यांवाचून भागणार नव्हतं तितक्याच ठेवल्या. मादी मारताना मीही आता दोन क्षण थांबू लागले.

वर्ष-दीड वर्षानं सगळे आकडे हाती आले. जिथे वायू भरपूर होता त्या माद्यांच्या पोटात डाग जास्त होते. त्यात शंका नव्हती. जिथे वायू अगदी थोडा होता, तिथे साध्या हवेपेक्षा काही फरक दिसला नाही. मी तो दुसरा तक्ता पुन्हापुन्हा पाहिला. आमच्या खोलीत नाकाला लागायचा तो वायू ह्या थोड्याशी जुळणारा होता की त्याहून कमी, की झाकण उघडण्याच्या त्या एका झणक्यात जास्त? खोलीतली हवा आम्ही कधी मोजलीच नव्हती. पेटीतली मोजत होतो.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या.

"मग तुझं कशानं झालं ते कळलं?"

"नाही."

"एवढं करून पण?"

"एवढं करून पण नाही, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पुन्हा शापाचं काढतील. पण त्या म्हणाल्या, "मग नरसीपूरला क्षमा मिळाली का, त्याचं पण तसंच म्हणायचं. कळत नाही," आणि पुढची शेंग मोडायला घेतली.

मला पुन्हा दिवस गेले तेव्हा प्रबंधाचं लिखाण चालू होतं. ते महिने मी ग्रंथालयात आणि घरात काढले. मुलगी झाली, वेळेवर, चांगली धडधाकट. बारशाच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "वजन किती?" मी सांगितलं, तेव्हा त्यांनी समाधानानं मान डोलावली, जणू एखादं मोजमाप बरोबर आलं होतं. आत्याबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि काही न विचारता बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. मॅडमना धरता येईना. आत्याबाईंनीच त्यांचा हात उचलून बाळाच्या मानेखाली दिला.

मग त्यांच्या समोर जमिनीवर बसत आत्याबाई कन्नडमध्ये म्हणाल्या, "पहिलं राहिलं असतं तर आता घरभर पळत असतं."

यजमान दारात होते, ते खाली बघायला लागले. मी मॅडमकडे पाहिलं. त्या दिवसापर्यंत घरात हे कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

"हो," मॅडम म्हणाल्या, "पळत असतं." आणि बाळाच्या मानेखालचा हात त्यांनी स्वतःच नीट केला.