उतारावरचा फ्रिज

भिलाईचा कारखाना सरकारने आणि रशियन साहेबांनी मिळून उभारला, अशी लोकांची समजूत आहे. आमच्या थोरल्या साडूंना ती मान्य नव्हती. त्यांच्या मते भट्टी पेटली ती त्यांनी एक नट वेळेवर आवळला म्हणून. तो सैल राहिला असता तर देश अजून लाकडी नांगरावर असता. यंत्रांवर इतकी माया करणारा आणि यंत्रांनी इतका छळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरातला पंखा त्यांनी इतका सुधारला होता की तो लागला की दिवा जाई. तक्रार केली तर म्हणत, "साडूभाऊ, हवा पायजे का उजेड, एक सांगा. मानसानं इतकं हावरट नाई व्हावं."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. हे मी सगळीकडे सांगतो, म्हणून इथेही सांगितले. साडू मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले होते, पण त्यामुळे त्यांच्या आत्मविश्वासाला कुठे पोचा आलेला नव्हता. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी साहेबाची जुनी घरगाडी त्यांनी घेतली, ती मला न विचारताच. मोटारीच्या पोटातच पलंग, ओटा, फुलाफुलांचे पडदे आणि कोपऱ्यात रॉकेलवर चालणारा फ्रिज! गाडीचा सेल्फ मेलेला, म्हणून ती कायम आमच्या सेक्टरच्या टोकाला मुरमाच्या भरावावर, नाक खाली करून, चाकाखाली दगड लावून उभी असे. दगड काढला की घरंगळत सुटे आणि खाली पोचेपर्यंत चालू होई. फ्रिजवर मात्र कसलाच इलाज चालत नव्हता. खाली ज्योत जळे आणि आत लोणी वितळे.

हा फ्रिज चालणे फार जरुरीचे होते. मामाजी, म्हणजे आम्हा दोघांचे सासरे, उन्हाळ्यात भंडाऱ्याहून यायचे होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही, असा त्यांचा नेम. आमच्याकडे मुलगा झालेला, त्यामुळे आमच्याकडे ते जेवून खुशाल ढेकर देत. साडूंना मूल नव्हते. त्यांच्या व्हरांड्यात मामाजी बरोबर आणलेल्या फिरकीच्या तांब्यातले कोमट पाणी पीत, आणि ताई, माझ्या बायकोची थोरली बहीण, आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत. साडूंनी यावर यंत्राचा उपाय काढला. "घरचं पानी चालत नाई ना? मंग हे घर थोडीच हाये, गाडी हाये! तिले नंबर हाये. अन् पानी असं थंड करतो का मामाजीचा नेमच गारठला पायजे."

मग दुरुस्ती सुरू झाली. साडूंनी फ्रिजच्या पाठीला पेचकस लावून त्याचे दुसरे टोक कानाला लावले आणि जाहीर केले, "मोटार मेली." मी म्हटले, "यात मोटार नसतेच. यात आगीनेच थंडी तयार होते." साडू इतके हसले की खोकला लागला. "अवं, आयकलं का! कालेजात आग लावून थंड करनं शिकवून राहिले!" मी वात कापली, धुरांडे साफ केले. साडूंनी फ्रिज बाहेर काढून, नाकातोंडात पाणी गेलेल्या पोरासारखा उलटा धरून पाठीवर थापट्या मारल्या. शेवटी ताईंनी त्याला हळदकुंकू लावले. लोणी वितळतच राहिले आणि मामाजी येऊन ठेपले.

दुसऱ्या दिवशी मामाजींना सुपारी फोडायला दगड हवा होता. जवळ दिसला तो त्यांनी घेतला. तो चाकाखालचा होता. सुपारी फोडून ते गाडीत पलंगावर आडवे झाले, आणि गाडी सावकाश निघाली. आम्ही धावत पोचलो तेव्हा ती खालच्या मैदानात मऊ मुरमात रुतून शांत उभी होती आणि मामाजी घोरत होते. ढकलून ती जागची हलेना. साडू चाकाशी बसून राहिले. फ्रिजची ज्योत विझवायचे कुणाला सुचले नाही.

सकाळी आत बर्फ होता.

गाडी कलली की नळ्यांतले द्रव्य फिरायचे थांबून एका बाजूला तुंबते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. आधी का आले नाही असे विचारू नका. आमच्या अभ्यासात फ्रिज होता, उतार नव्हता.

मामाजींनी गाडीभोवती फेरी मारली, चारही चाके हाताने चाचपली. "घराले चाकं नसतात," ते म्हणाले, आणि पेला पुढे केला. ताईंनी ओतलेले पाणी पिऊन त्यांनी डोळे मिटले. "पोरी, दात दुखले ना वं," म्हणाले, आणि पुन्हा पेला पुढे केला. ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, मी बघितले नाही.

साडूंनी गाडी परत चढावर नेली नाही. मामाजी असेपर्यंत ती मैदानातच राहिली, आणि ज्यांनी ती फिरायच्या हौसेने घेतली होती, ते साडू स्टेअरिंगमागे नुसते बसून हॉर्न वाजवत राहिले.

परत निघताना मामाजींनी सासूबाईंसाठी त्या पाण्याची एक बाटली मागून घेतली. साडूंनी ती ओल्या गोणपाटात गुंडाळली, दुर्ग स्टेशनावर खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आगगाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"साडूभाऊ, तुमी शिकलेले हा. भंडारा येतपर्यंत थंड राहीन ना जी थे?"

फलाटावर ऊन रणरणत होते. ती बाटली राजनांदगावपर्यंतही टिकणार नव्हती.

"राहील," मी म्हटले. "नक्की राहील."