फुगलेली भिंत

काल पालेगावला लेकीच्या नव्या फ्लॅटमध्ये गेले, तर तिथे प्लास्टर चालू होतं. तो ओला वास आला आणि मी भिंतीपासून लांब सरकले.

नव्वदच्या आसपास बदलापूरच्या आमच्या घरात कमरेएवढं पुराचं पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर भिंती खरवडायला वांगणीकडच्या पाड्यावरची हिराबाई आली. तीन महिन्यांची माझी लेक भिंतीलगतच्या खाटेवर झोपली होती. हिराबाईने थापीने भिंत ठोकली, कान लावला, पुन्हा ठोकली.

“वयनी, पोरीला उचल आधी.”

“आत्ता कुठे झोपलीय गं. तू हळू कर ना काम.”

तिने थापी खाली टाकली. चिखलाच्या हातांनीच लेकीला उचललं.

“अगं, हात बघ तुझे!” मी ओरडले. तेवढ्यात भिंत करकरली आणि प्लास्टरचा दाराएवढा थर खाटेवर कोसळला. धुळीत काहीच दिसेना. मग लेकीचं रडणं ऐकू आलं.

मी तिला घ्यायला गेले, पण हिराबाई सोडेना. तिची बोटं मी एकेक करून सोडवली. मला वाटलं, ती माझ्यावर चिडलीय. तीही माझ्याइतकीच घाबरली असेल, हे तेव्हा सुचलंच नाही.