रिसालदार साहेबांची चव

मी फौजेत होतो की नव्हतो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या मोठ्या लढाईत परभणीहून भरती झालो, बोटीत बसलो, बसऱ्याकडच्या वाळवंटात काही वर्षं काढली, खाकी घातली आणि परत आलो. पण तिथं माझ्या हातात कुणी बंदूक दिली नाही. डाव दिला. फौजेत स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात, तो मी होतो. आता लांगरी म्हणजे फौजी धरायचा की भटारी, यावर परभणीत पुष्कळ वाद झाले आणि ते सगळे माझ्याच हातचं जेवता जेवता झाले.

हे वाद घालणारी मंडळी म्हणजे आमची अंजुमन, परतलेल्या फौजींची. स्टेशनाच्या अलीकडं चिंचेचं एक जुनं झाड होतं. निजामीत सुट्टी जुम्म्याची, म्हणून महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला आम्ही त्या झाडाखाली जमायचो. कुणी पोखर्णीहून चालत यायचा, कुणी पालमकडून बैलगाडीनं. काही पहिल्या लढाईतले म्हातारे, काही माझ्याबरोबरचे. आधी हजेरी, मग कवायत, मग रस्सीखेच, मग जेवण. रस्सीखेचीत म्हातारे एका बाजूला आणि तरणे एका बाजूला असत, आणि म्हातारे लबाडी करून जिंकत. गावात जी माणसं एकमेकांच्या ओट्यावर टेकत नसत, ती इथं मांडीला मांडी लावून एका पंगतीत बसत. घरी गेल्यावर कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे.

हजेरीत मला पुकारत नसत. कवायत चालायची तेव्हा मी चुलीपाशी फुंकणी घेऊन बसलेला. आमचा बिगुलवाला पोखर्णीचा शेतकरी, जिवाचा दोस्त आणि तोंडाचा फाटका. त्याला बिगुलावर एकच सूर धड वाजवता यायचा, तो म्हणजे जेवणाचा. कवायतीच्या वेळी मी चुलीपाशी उभा राहून नुसता हात जरी सरळ केला तरी तो तिकडून ओरडायचा, "ए सिविलियन, सलामी नगं घालू, डाळ उतू जायलीय!" सगळे हसायचे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी तापट माणूस. पण लांगऱ्यानं भांडण काढलं तर जेवण करपतं, म्हणून गिळायचो.

अंजुमनचे सदर, म्हणजे अध्यक्ष, रिसालदार साहेब. निजाम सरकारच्या घोडदळातले, पहिल्या लढाईत थेट मिसर देशापर्यंत जाऊन आलेले. घरात ते, बीबी आणि एक म्हातारी शेळी. भर उन्हाळ्यातसुद्धा कोटाची गळ्याची गुंडी लावलेली. आमच्यात निजामाच्या फौजेत असलेले ते एकटेच उरले होते. बाकीचे आम्ही इंग्रजाच्या फौजेतले.

फौजेत एक रिवाज असतो. जेवण तयार झालं की लांगरी आधी एका वाटीत ते साहेबापुढं नेतो. साहेब चव घेतो, "पास" म्हणतो, मग बिगुल वाजतो आणि मग जवान जेवतात. बसऱ्याकडे गोरा साहेब रोज चव घ्यायचा आणि रोज पास म्हणायचा. त्याला आमच्या डाळीतलं काय कळत होतं कुणास ठाऊक. अंजुमनमध्येही तोच रिवाज चालू ठेवला होता. मी वाटी घेऊन रिसालदार साहेबांपुढं जायचो, टाच जुळवायचो. ते बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, थोडा वेळ चिंचेकडं बघायचे आणि म्हणायचे, "नमक कम हय. परोसो."

दर महिन्याला हेच. एकदाही पास नाही. एकदा रागारागानं मी दुप्पट मीठ टाकलं. मंडळींनी पाणी पिऊन पिऊन पोटं फुगवून घेतली, बिगुलवाल्यानं मला ठेवणीतल्या शिव्या दिल्या, आणि साहेब म्हणाले, "नमक कम हय."

मला त्यांच्याकडून एकदा पास ऐकायचं होतं. इतकंच. हजेरीत घ्या, कवायतीला उभं करा, असं मी कधी म्हणालो नाही. पण घोडदळाच्या रिसालदारानं पास म्हटलं असतं तर मी फौजी होतो की नव्हतो हा माझ्या डोक्यातला भुंगा थांबला असता. घरी बायको म्हणायची, "म्हाताऱ्याच्या जिभंला चव ऱ्हायली न्हाई. तुमी कशाला जीव जाळायलाव?" बायकोचं बरोबर होतं. तरी दर महिन्याला मी आशेनं वाटी पुढं करायचो.

मग निजामीचं शेवटचं वर्ष आलं आणि सगळाच गोंधळ झाला. खाकी घालून, भाले-तलवारी घेऊन फिरणारी निजामाच्या बाजूची टोळकी गावोगाव दिसायला लागली. खाकी दिसली की बायामाणसं दार लावून घेत. माझा फौजेतला कोट बायकोनं कडब्याच्या गंजीत खुपसला. त्या टोळक्यातले दोघं रिसालदार साहेबांच्या ओसरीवर बसलेले बिगुलवाल्यानं पाहिले. कवायत शिकवा म्हणून आले होते म्हणे. साहेबांनी काय उत्तर दिलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक म्हणे हाकलून दिलं, दुसरा म्हणे चहा पाजला. तिसरा म्हणे आधी चहा पाजला, मग हाकलून दिलं.

मी सरळ त्यांनाच विचारायला हवं होतं. पण कसं विचारणार? ज्या माणसाशी मिठाखेरीज दुसऱ्या विषयावर कधी बोललो नाही, त्याला तुम्ही कुणाकडचे असं विचारायचं? झाडाखाली मंडळी आता दोन घोळक्यांत बसायला लागली. रस्सीखेच बंद पडली. साहेब मात्र यायचे, गुंडी लावलेली, बोट बुडवायचे, "नमक कम हय" म्हणायचे आणि जेवून जायचे. मला त्यांचा राग येत होता की त्यांच्यासाठी भीती वाटत होती, हे माझं मलाच उमगत नव्हतं.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली. आदल्या दिवशी विमानं घिरट्या घालून गेली होती, आणि सकाळी बातमी आली की फौजेच्या मोटारी परभणीत शिरायल्यात. बिगुलवाला धावत माझ्याकडं आला. "कोट काढ," म्हणाला. "फौज यायलीय. फौजीनं फौजीला सलामी द्यायची असती. आन् तू डाळ-भात टाक, पावणे उपाशी आसतेल." आम्हाला आनंद झाला होता, आणि आनंदात माणसाची अक्कल गहाण पडते. मी गंजीतून कोट काढला. डाळ-तांदूळ गाडीत टाकले, मिठाची पुडी विसरू नये म्हणून कोटाच्या खिशात ठेवली आणि झाड गाठलं.

रिसालदार साहेब आमच्या आधी येऊन उभे होते. त्यांनी यावं की न यावं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बिगुलवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मी चुलीकडं पाहिलं. साहेबांनी हजेरी घेतली, रांग लावली आणि आम्ही वाट बघत राहिलो. मी नेहमीसारखा चुलीपाशी.

मोटारी आल्या. बिगुलवाल्यानं छाती भरून श्वास घेतला आणि त्याला येत होता तो एकमेव सूर वाजवला. जवानांनी काय पाहिलं असेल? रस्त्याच्या कडेला खाकी कोटांची रांग आणि कुणीतरी बिगुल फुंकतोय. त्या दिवसांत परभणीत खाकी म्हणजे काय, हे आम्ही आमच्याच तोऱ्यात विसरून गेलो होतो. क्षणात जवान खाली उतरले, बंदुका रोखल्या, आणि सलामीला गेलेले आमचे हात डोक्यावर गेले. रांगेच्या रांग चिखलात बसली. मीही डाव हातात घेऊन बसलो.

त्यांचा सुभेदार पुढं आला. मिशा मोठ्या, डोळे झोपेविना तांबारलेले. "कौन हो तुम लोग?" बिगुलवाला बोलता बोलता तोतरा झाला. पण आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं छाती उघडून गोळीचा वण दाखवला, दुसऱ्यानं पलटणीचा नंबर घडाघडा म्हटला. सुभेदार जरा निवळला. म्हणाला, "जो अंग्रेज़ की फौज में था, इधर आ जाए." सगळे उठून तिकडं गेले. साहेब जागचे हलले नाहीत. सुभेदारानं विचारलं, "और तुम?"

ते गप्प राहू शकले असते. आमच्यातच चालत गेले असते तर कुणी ओळखलं नसतं, आणि आम्हीही बोललो नसतो, असं मला वाटतं. पण ते बसल्या बसल्याच ताठ झाले आणि म्हणाले, "निजाम सरकार का नमक खाया हूँ. रिसाला."

सुभेदारानं मान हलवली. एक जवान बंदूक घेऊन त्यांच्या मागं उभा राहिला. त्यांचे हात डोक्यावरच राहिले. इकडं आमची मंडळी चिंचेखाली, तिकडं चिखलात ते एकटे, आणि मधे मी. सुभेदार माझ्याकडं वळला. "तू किधर का?" मी धड ना इकडचा ना तिकडचा. डाव दाखवला आणि म्हणालो, "लांगरी." त्यांची लंगराची, म्हणजे स्वयंपाकाची, मोटार मागं ओढ्यात रुतली होती. माणसं आदल्या दिवसापासून उपाशी. "तो बैठा क्यों है? पका," सुभेदार म्हणाला.

मी डाळ शिजवली. कशी शिजवली देव जाणे. डोळे सारखे साहेबांकडं जात होते. त्यांच्या कोपरांना कंप सुटला होता. वय झालेलं, हात किती वेळ वर धरणार? यांचं आता काय करतील? मी कुणाला काय सांगू? सांगायला मला तरी काय ठाऊक होतं, त्या दोन पोरांना त्यांनी चहा पाजला होता की हाकललं होतं? भात झाला, डाळ उतरली. मी वाटी भरली आणि चालायला लागलो. पुढं लोकांनी माझ्या या चालण्याला हिंमत म्हटलं. हिंमत वगैरे काही नव्हती. जेवण तयार झालं की वाटी साहेबांकडं न्यायची, एवढंच पायांना ठाऊक होतं. डोकं तर जाग्यावरच नव्हतं.

त्यांच्यापुढं जाऊन मी टाच जुळवली. जवानानं बंदूक आडवी धरली. सुभेदार ओरडत आला, "ये क्या कर रहा है?"

"चव, साहेब," मी म्हणालो. "पास झाल्याबिगर वाढता येत न्हाई."

सुभेदार एकदम थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं, मग साहेबांकडं. असा रिवाज परभणीच्या रस्त्यावर कुणी त्याच्यापुढं आणील, हे त्याच्या ध्यानीमनी नसावं. मग म्हणाला, "हाथ नीचे."

साहेबांनी हात खाली घेतले. बोट बुडवलं, जिभेला लावलं, चिंचेकडं पाहिलं. मी "नमक कम हय"ची वाट बघत उभा. त्यांनी माझ्याकडं नाही, सुभेदाराकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पास. परोसो."

माझा कानांवर विश्वास बसला नाही. मी वाढलं. जवान बसले, आमची मंडळी बसली, आणि सुभेदारानं हातानं खूण केली तसे साहेबही पंगतीला बसले. बिगुलवाल्यानं पहिला घास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी चटकन कोटाचा खिसा चाचपला. मिठाची पुडी जशीच्या तशी होती. मोठ्या हंड्यातल्या डाळीत मिठाचा एक कण नव्हता. एका पोरसवदा जवानानं मीठ मागितलं, तर सुभेदार त्याच्यावर खेकसला, "पास हुआ है, खा!" आणि स्वतः मान खाली घालून तीच डाळ ओरपत राहिला. बिगुलवाल्याच्या घरचा ठेचा होता, त्याचा मात्र फडशा पडला.

जेवणानंतर सुभेदारानं साहेबांना मोटारीत बसवून घरी पोचवलं आणि दारावर एक जवान ठेवला. डाळ नसती तरी सोडलं असतं का, हे मला माहीत नाही. त्या दिवसांत परभणीत आणि खेड्यापाड्यांत काय काय झालं ते मी इथं लिहीत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेबांच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या दारावर जवान नव्हता.

माझं डोकं मात्र एकाच गोष्टीत अडकलं. जन्मात एक पास मिळाला, तो अळणी डाळीला. हा धरायचा की सोडायचा? त्या माणसाला खरंच चव राहिली नव्हती का? बायकोला सांगितलं तर ती हसून हसून लोळली, मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जावा, डबा घेऊन जावा त्यान्ला. घरात काय आसंल नसंल."

तेव्हापासून दर जुम्म्याला मी साहेबांकडं डबा नेऊ लागलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते ओसरीवर बसलेले, गुंडी लावलेली, पण अंगात कोट नाही, नुसता सदरा. कोट त्यांनी जाळला म्हणे. मी वाटी पुढं केली. बोट बुडवलं, जिभेला लावलं. समोर चिंच नव्हती, म्हणून शेळीकडं पाहिलं. म्हणाले, "नमक कम हय."

मला इतकं बरं वाटलं की धीर आला आणि मी विचारलं, "साहेब, त्या दिवशी तर मीठच नव्हतं. पास कसं म्हणालात?"

त्यांनी शेळीवरची नजर काढून माझ्याकडं वळवली. मी असा प्रश्न विचारावा याचंच त्यांना नवल वाटलं असावं. "मालूम था," ते म्हणाले. "पराई पल्टन सामने खडी थी, मियाँ. उसके सामने अपने जवान को फेल करता क्या मैं?"

मी डब्याचं झाकण उगीच काढत-लावत बसलो. डोळे भरून आले, आणि धुरावर ढकलायला जवळ चूलसुद्धा नव्हती.